बिनतारखेचे राजीनामे

एका चांगल्या डॉक्टरणीला मी एकदा लोखंडी कपाटात कोंडून ठेवलं होतं. अख्खी डॉक्टरीण नव्हे, तेवढी माझ्यात ताकद कुठली. तिची सगळी मूळ प्रमाणपत्रं. पण डॉक्टरचे कागद आपल्या कुलपात म्हणजे डॉक्टर आपल्या कुलपात, असा माझा तेव्हा हिशेब होता. वय त्रेपन्न. मुलगा लग्नाचा झालेला, गुडघे बोलायला लागलेले, आणि अक्कल मात्र अजून बालवाडीत डबा खात बसलेली.

हे ऐकून नात म्हणाली, "आजी, आप तो विलेन निकलीं." तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मी तिला म्हटलं, बाई गं, खलनायिका व्हायला जरा डोकं लागतं. मी नुसती मॅनेजर होते.

मॅनेजर होते ती चंडीगडच्या एका दवाखान्यात. आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये दोन बूथमधली, म्हणजे दुकानाच्या गाळ्यांमधली, भिंत पाडून तो केलेला होता. एका अंगाला ड्रायक्लीनर, दुसऱ्या अंगाला छोले-भटुरेवाला. पेशंट दोन जातींचे. सकाळी सेक्टरातले पेन्शनर, ज्यांना आजारापेक्षा गप्पा जास्त असत. आणि दुपारनंतर इंडस्ट्रियल एरियातले कामगार, ज्यांच्या डोळ्यांत लोखंडाचा कीस आणि बोटांत पत्र्याची धार गेलेली असे, आणि गप्पा अजिबात नसत.

आणि आत डॉक्टरसाहेब. उंच, खांद्यातून जरासे वाकलेले, ऑक्टोबरात अंगात चढवलेला बिनबाह्यांचा पांढरा स्वेटर होळीनंतरच उतरवणारे. हिवाळाभर टेबलावर किन्नू संत्र्यांची टोपली. स्वतः सोलायचे, सालं हीटरच्या जाळीवर ठेवायचे, फोडी पेशंटला द्यायचे. पेशंटला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे. मला पुढे वर्षभराने कळलं की माणूस फोड चघळत असतो तेव्हा ते त्याचे श्वास मोजत असतात. "नाडी धरली की लोक श्वास सांभाळून घेतात," असं त्यांचं म्हणणं. प्रेमळ होतेच. पण फोड फुकट नसायची.

मी तिथे लागले तीही गंमतच. ह्यांची बदली होऊन आम्ही इकडे आलो त्याला सात-आठ वर्षं झाली होती. घसा बसला म्हणून मी दवाखान्यात गेले, तर बाहेर पंचवीस-तीस माणसं आणि रांगेचा पत्ता नाही. माझे वडील मिरजेत कंपाउंडर. लहानपण औषधांच्या वासात गेलेलं. मला राहवलं नाही. बसक्या आवाजात, माझ्या त्या मोडक्या हिंदीत, तापाने फणफणलेलं पोर पुढे घातलं, रक्तदाब मोजायला आलेल्या दोन आजोबांना मागे बसवलं, आणि एका गुटगुटीत बाईंना सांगितलं की तुम्हाला काही झालेलं नाही, उद्या या. डॉक्टरसाहेब दार किलकिलं करून हे बघत होते. माझा नंबर आला तेव्हा घशात बॅटरी मारून म्हणाले, गला ठीक हो जाएगा, कल नौ बजे आ जाइए. मी दुसऱ्या दिवशी घसा दाखवायला गेले आणि त्यांनी मला खुर्ची दाखवली.

मला ते 'मराठा बहनजी' म्हणायचे. उत्तरेत महाराष्ट्रातले सगळेच मराठे.

माणसं निवडायची त्यांची रीत जगावेगळी होती. अर्ज वाचायचेच नाहीत. नर्स असो, डॉक्टर असो, औषधाच्या खिडकीवरचा माणूस असो, आलेल्या उमेदवाराला मी तासभर बाहेर पेशंटांच्या बाकावर बसवायचं, कारण सांगायचं नाही. मग आत बोलावून ते एकच प्रश्न विचारायचे. बाहेर बसलेल्यांत सगळ्यात जास्त आजारी कोण आहे?

सुवर्णपदकवाला एक मुलगा म्हणाला, तपासल्याशिवाय कसं सांगू? त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मी हळहळले, केवढी मोठी डिग्री होती. बलजीत नावाची नर्स आली, ती म्हणाली, ती निळ्या शालीतली सून. खोकला सासूला होता. सून फक्त सोबत आलेली, पण तासभर भिंतीला टेकून एकाच फरशीकडे बघत बसली होती. बलजीत त्याच दुपारी कामाला लागली, आणि त्या सुनेला आत बोलावून डॉक्टरसाहेबांनी काय विचारलं ते मला माहीत नाही, पण पुढे वर्षभर ती दर आठवड्याला येत राहिली.

हे झालं घेण्याचं. ठेवण्याची तऱ्हा त्याहून और. पहिल्याच दिवशी, एप्रन अंगात घालायच्या आधी, नव्या माणसाने राजीनामा लिहायचा. हो, राजीनामा. दोन ओळी, खाली सही, तारखेची जागा कोरी. डॉक्टरसाहेब त्यावर आडवं लिहायचे, 'मंज़ूर है। शुक्रिया।' आणि सही ठोकून तो कागद ज्याचा त्याला परत द्यायचे. म्हणायचे, हा तुझा. वाटेल त्या दिवशी तारीख घाल आणि जा, मला तोंड दाखवायचीसुद्धा गरज नाही.

लोक तो कागद कुठेकुठे ठेवायचे. कुणी पाकिटात, कुणी मोबाईलच्या कव्हरात. बलजीतने तर लॅमिनेट करून घेतला. मी तिला म्हटलं, अगं शहाणे, आता ह्यावर तारीख कशी घालशील? ती म्हणाली, दीदी, पावसात भिजत होता. पुढच्या प्रश्नाचा तिने विचारच केलेला नव्हता.

पण सगळ्याच बलजीत नसतात. आमच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर यायचे ते बहुतेक वाटेवरच्या झाडाखाली थांबल्यासारखे. एमबीबीएस झालेलं, पुढच्या परीक्षेचा अभ्यास चाललेला, तोवर चार-सहा महिने हात चालू राहावा म्हणून. डॉक्टरसाहेब त्यांना मागच्या खोलीत दुपारी दोन तास अभ्यासाला बसवायचे, वर मलाच सांगायचे, मुलांना चहा पाठवा. मुलं पास व्हायची आणि जायची. निघालेल्याला ते स्वतः गाडीत घालून सेक्टर ४३च्या बसस्टँडवर सोडायचे, आणि दिवाळीला गेलेल्या प्रत्येकाला फोन. माझा जळफळाट व्हायचा. माणूस शिकवायचा आपण, पेशंटला त्याची सवय लावायची आपण, आणि वर त्याची बॅगही आपणच उचलायची? एकदा न राहवून बोलले तर म्हणाले, बहनजी, जाणाऱ्याची बॅग नाही उचलली तर येणारा बॅग उघडणार नाही. मी ते ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात त्यांना वेड्यात काढलं.

कारण मी तोवर शिकत होते ना! सेक्टर ३४मध्ये, जिथे जिन्याजिन्यावर कोचिंगच्या पाट्या, तिथे मी सहा महिन्यांचा ऑफिस मॅनेजमेंटचा कोर्स लावला होता. वर्गात सगळी विशीतली पोरं. कुणी नागपूरचं, कुणी भटिंड्याचं, आणि मधोमध मी, पर्समध्ये गुडघ्याचं मलम घेऊन. शिकवणारा मुलगा माझ्या लेकाहून लहान. त्याने फळ्यावर 'रिटेन्शन' असा शब्द लिहिला आणि मला साक्षात्कार झाला. म्हणजे माणसं टिकवण्याचं शास्त्र असतं! बॉण्ड असतो, तीन महिन्यांची नोटीस असते, आणि सगळ्यात जालीम म्हणजे मूळ प्रमाणपत्रं जमा करून घ्यायची. चंडीगडभर असंच चालतं, म्हणाला. मी वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून घरी टीव्हीवर लावलं. ह्यांनी ते वाचलं आणि विचारलं, आता घरातल्यांचेही कागद जमा करणार का? असला विनोद त्या दिवसांत मला झोंबायचा.

डॉक्टरसाहेब तेव्हा सत्तरीला आलेले. मुलं कॅनडात. ती बोलवायची, हे जायचे नाहीत. दवाखान्याच्या वेळेत कुणी विषय काढला तर किन्नू सोलायला घ्यायचे. दवाखाना पुढे कोण बघणार हा प्रश्न त्यांनी उघड कधी काढला नाही, पण बाकावर बसवलेल्या प्रत्येक तरुण डॉक्टरकडे ते कशासाठी बघतात ते मला कळत होतं.

आणि मग शिवानी आली. पालमपूरकडची, बारीक चणीची, आवाज इतका हळू की पेशंटला पुढे वाकावं लागे. बाकावर तासभर बसली. आत बोलावलं, प्रश्न विचारला. ती म्हणाली, पाच मिनिटं द्या. पुन्हा बाहेर गेली, आली, आणि म्हणाली, पेशंटांत नाही. तुमच्या औषधाच्या खिडकीवर बसलेत ते. त्यांचे डोळे पिवळे आहेत.

आम्ही सगळे खिडकीकडे धावलो. खरंच, हळदीसारखे पिवळे. त्या माणसाबरोबर मी आठवडाभर रोज दोनदा चहा पीत होते, कंपाउंडरची लेक असून.

शिवानीने राजीनामा लिहिला, मंजूर करून घेतला, स्टेथोस्कोपच्या पिशवीत ठेवला. पुढच्या परीक्षेत तिला दोनदा अपयश आलेलं होतं. तिसऱ्यांदा बसायचं तिने कधी सोडून दिलं ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. दुपारच्या दोन तासांत ती पुस्तकं उघडेनाशी झाली आणि पेन्शनरांच्या फायली वाचू लागली. दोन वर्षांत कुठल्या आजोबांचा मुलगा बोलत नाही आणि कुठल्या कामगाराला कुठल्या मशीनने कापलं आहे, हे तिला डॉक्टरसाहेबांच्या बरोबरीने ठाऊक झालं. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटलं, आणि एवढंच म्हणाले, "बहनजी, मिल गई।" कॅनडाहून आलो की तिला भागीदार करीन, तोवर बोलू नका. नातवाच्या बारशाला दीड महिना ते जाणार होते, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा. ती होती म्हणून जाता येत होतं.

दवाखाना माझ्या हाती सोपवून ते गेले. माझी छाती फुगली, पण धास्तीही वाटली. मोहालीत तेव्हा एक मोठं हॉस्पिटल निघत होतं. काचेची इमारत, डॉक्टर भराभर उचलत होते. शिवानीला उचललं तर? डॉक्टरसाहेब परत येऊन बघतात तर त्यांची सापडलेली मुलगी गेलेली! आणि तिच्याजवळ काय, तर आधीच मंजूर झालेला राजीनामा. मला रात्री झोप लागेना. मग मी वही उघडली, आणि दोन रेघा मारलेली ओळ सापडली.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांना सांगितलं की फायली पुऱ्या करायच्या आहेत, मूळ प्रमाणपत्रं आणि ते राजीनामे माझ्याकडे द्या. स्टॅम्पपेपरवर दोन वर्षांचा बॉण्डही करून आणला होता. बलजीतने तिचं लॅमिनेट केलेलं प्रकरण दिलं, पण पोरं मांजराचं पिल्लू हातातून सोडतात तसं. शिवानीने हिरव्या फायलीत लावलेली सगळी प्रमाणपत्रं दिली, सही केली, आणि विचारलंसुद्धा नाही कशाला. मला आंटी म्हणायची ती. कपाटाला कुलूप लावून किल्ली मी कमरेच्या छल्ल्यात अडकवली आणि त्या दिवशी घरी पुरणपोळी केली. एवढा आनंद.

दहाएक दिवसांनी शिवानी म्हणाली, आंटी, माझे ओरिजिनल दोन दिवस हवेत. गुरुवारपर्यंत दाखवायचे आहेत. कुठे दाखवायचेत ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती काचेची इमारत उभी. मी म्हटलं, अगं, किल्ली डॉक्टरसाहेबांबरोबर कॅनडाला गेली. आणि हे बोलताना मी हाताने पदर छल्ल्यावर ओढून घेतला. तिने मंगळवारी विचारलं, बुधवारी विचारलं. मी दर वेळी जास्त गोड होत गेले. बुधवारी तर तिला लाडू दिला.

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी इंडस्ट्रियल एरियातून एकाला आणलं. तळहात मधोमध फाटलेला, रक्ताची धार लागलेली. शिवानीने बाहेरच्या टेबलावरच त्याचा हात दाबून धरला आणि म्हणाली, टाक्यांचा धागा, कापूस, लवकर. बाहेरचा साठा संपलेला, राखीव धागा आणि कापूस कपाटात. आणि तेच कपाट. मी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि धाग्याचं पाकीट घेऊन वळले तेव्हा ती माझ्या खांद्यावरून वरच्या कप्प्याकडे बघत होती. हिरवी फाईल तिथेच, अगदी समोर.

तिने सात टाके घातले. एकाही टाक्याला हात हलला नाही. त्या माणसाला, तो रडत होता म्हणून, त्याच्या गावाबद्दल विचारत राहिली. हात धुतले. मग मला म्हणाली, आंटी, माझी राजीनाम्याची चिठ्ठी.

मी खूप बोलले. बॉण्ड काढला, डॉक्टरसाहेबांचं नाव काढलं, शेवटी मोहालीच्या हॉस्पिटलचंही बोलून टाकलं. ते ऐकून ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघायला लागली. तिने पिशवीतून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. फॅमिली मेडिसिनचा डिप्लोमा, नोकरी सांभाळून करायचा. सध्याच्या कामाची जागा म्हणून आमच्या दवाखान्याचा पत्ता. 'पुढे कुठे काम करणार' ह्या रकान्यातही तोच पत्ता. कागद दाखवायची मुदत आदल्या दिवशी संपलेली.

राजीनाम्यावर तिने माझ्याच पेनने तारीख घातली आणि हिरवी फाईल पिशवीत टाकली. तो तर मंजूर होताच. मी अडवणार कशी?

डॉक्टरसाहेबांना फोनवर तिने एवढंच कळवलं की घरी जावं लागतंय. बाकीचं त्यांना बलजीतने सांगितलं. ते आठवडाभर आधीच परत आले. मी विमानतळापासून थेट दवाखान्यापर्यंत पुरेल एवढं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं पहिलं वाक्यही झालं नाही. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली. कपाट उघडून त्यांनी ज्याची त्याची प्रमाणपत्रं आणि चिठ्ठ्या परत दिल्या. बलजीतचा लॅमिनेटवाला राजीनामा बघून हसले, ते मी त्या दिवशी बघितलेलं एकमेव हसू. किल्ली पाण्याच्या कूलरजवळच्या खिळ्याला टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. मग मला म्हणाले, आपने तो कभी लिखा ही नहीं. खरंच, मला त्यांनी पहिल्या दिवशी खुर्ची दाखवली होती, राजीनामा मागितलाच नव्हता. मी ते इतकी वर्षं मानाचं समजत आले होते.

आता काढतायत, असं समजून मी रडत रडत दोन ओळी लिहिल्या. त्यांनी त्यावर आडवं लिहिलं, सही केली, आणि कागद माझ्या हातात परत दिला. मग टोपीत डोकं घालून बाहेर पडले आणि बस पकडून पालमपूरला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. तिच्या आईवडिलांबरोबर चहा घेतला, म्हणाले, अंगणातून बर्फाचे डोंगर दिसतात. आणि मुलगी? मुलगी ठीक आहे, रागावलेली नाही. मी विचारलं, परत यायचं विचारलंत ना तिला? ते किन्नू सोलत होते.

"नहीं पूछा, बहनजी। पूछता तो आ जाती।"

मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. आडमुठेपणा वाटला. इतकं लांब जायचं, आणि नेमकं तेच विचारायचं नाही? त्या दिवसानंतर बाकावर त्यांनी आणखी कितीतरी जणांना बसवलं, प्रश्न विचारला, कामालाही घेतलं. ते आले, शिकले, बसस्टँडवर गेले. "मिल गई" हे शब्द मात्र पुन्हा कधी ऐकू आले नाहीत. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी उलट बोलले असते, भांडण झालं असतं, मिटलं असतं.

आणखी आठ वर्षं त्यांनी ओढली. मग हाताला कंप सुटला. पेशंटला कळायच्या आधी त्यांना कळलं, आणि ज्या सकाळी कळलं त्याच सकाळी त्यांनी टाके घालणं बंद केलं. मुलगा न्यायला आला. शेवटच्या दिवशी, बलजीत कपबशा कागदात गुंडाळत असताना, त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. दोन ओळी, सही, तारखेसकट. त्यांचाच राजीनामा. म्हणाले, मंजूर करा, तुमच्याशिवाय जुनं कोणी उरलेलं नाही. मी पेन घेतलं आणि मला हिंदीत लिहिता येईना. मराठीत लिहिलं, 'मंजूर आहे. आभारी आहे.' अक्षर घसरलं. त्यांनी घडी घालून तो स्वेटरखालच्या खिशात ठेवला. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तिकडे कॅनडातच. त्या दोन बूथमध्ये मधली भिंत पुन्हा उभी राहिली आहे. एकात मोबाईल दुरुस्ती, एकात मोमो.

माझा राजीनामा अजून माझ्याकडे आहे, पर्समध्ये, गुडघ्याच्या मलमाशेजारी.

गेल्या हिवाळ्यात पंचकुल्याहून नात मला मोहालीच्या त्या काचेच्या हॉस्पिटलात घेऊन गेली, छातीत कफ साठला होता म्हणून. पडद्याआडून डॉक्टर आली, आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. केस कानाजवळ पांढरे झालेले. तिने मला ओळखलं, पायाला हात लावला, फुप्फुसं ऐकली, औषध लिहिलं. मी इतकी वर्षं घोकून ठेवलेली माफी एका दमात मागितली. कफामुळे मध्ये दोनदा खोकले. ती ऐकत राहिली. मग मी विचारलं, इथे बरं आहे ना? बरं ठेवतात ना? तिने माझ्या शालीचं टोक सारखं केलं आणि म्हणाली,

"आंटी, यहाँ भी मेरे सारे ओरिजिनल इन्हीं की अलमारी में पड़े हैं। बस, यहाँ किसी को आंटी नहीं कहती, तो बुरा नहीं लगता।"